दोनशे अडतीस वाक्यं

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे खात्याला वळसा घालून गेलं की अगदी शेवटची खोली आवाज नोंदवायची. ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागणार अशी माणसं ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिथे येत, काचेच्या केबिनमध्ये बसत आणि छापील यादीतली सहाशे वाक्यं मोठ्याने वाचत. त्यावरून दुसऱ्या एका ऑफिसातली मंडळी त्या माणसाचा आवाज तयार करत. मग शाळेतल्या पाटीएवढ्या एका यंत्रावर अक्षरं दाबली की ते यंत्र त्याच आवाजात बोले. हुबेहूब नाही, पण घरच्यांना ओळखू येईल इतपत.

या खोलीचे तंत्रज्ञ वयाने सत्तावन्न होते आणि थकव्याने त्याहून दहाएक वर्षांनी मोठे. दुसऱ्या तंत्रज्ञाची जागा तीन वर्षं रिकामी होती, आणि ती भरणार भरणार म्हणणारे दोन अधिकारी त्या काळात निवृत्त होऊन घरीही बसले होते. सगळं इस्पितळ या गृहस्थांना थांबासाहेब म्हणे, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी तोच एक शब्द. वाक्य संपल्यावर लगेच खुर्ची हलवू नका, थांबा. फाइल उघडतेय, थांबा. आणि संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना तर विचारूच नका.

त्यालाही कारण होतं. कॉम्प्युटर 'झालं' म्हणतो तेव्हा ते झालेलं असतंच असं नाही, हे त्यांना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. डिस्कवर लिहिणं हे सावकाशीचं काम. तेवढा वेळ माणसाला ताटकळत ठेवलं तर माणूस वैतागतो. म्हणून यंत्र काय करतं, तर दिलेला मजकूर आधी मेमरीत, म्हणजे तात्पुरत्या जागेत, ठेवून घेतं, 'झालं' सांगून मोकळं होतं आणि मग सवडीने डिस्कवर उतरवत बसतं. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज घ्यावा, 'झालं तुमचं काम' म्हणावं आणि कागद टेबलावरच्या वजनाखाली सरकवून द्यावा, तसलाच हा प्रकार. बंद करायचा हुकूम मिळाला की मात्र यंत्राची धांदल उडते. राहिलेलं सगळं एकदम उतरवावं लागतं. ते पुरतं उतरायच्या आत वीज गेली तर मेमरीतलं क्षणात नाहीसं होतं, आणि मग कोणाच्या बापाला ते परत आणता येत नाही.

तळमजल्यावर एकदा तारांनी पेट घेतला होता. तेव्हापासून कुलूप लावण्याआधी प्रत्येक खोलीचं मुख्य बटण बंद करायचं, असा नियम झाला होता. हे काम एका मावशींकडे होतं. खिडक्या, नळ, पंखे, बटणं, सगळं बंद करत फिरायच्या म्हणून त्या बंदमावशी. थांबासाहेबांनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, स्क्रीन काळी झाली म्हणजे झालं असं समजायचं नाही. ही बाहेर जोडलेली डिस्कची डबी, तिच्यावर निळा दिवा लुकलुकतो ना, तो विझला की मगच बटण." मावशींनी सहा वर्षांत एकदाही त्यात चूक केली नव्हती.

त्या आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई वाचायला येत होत्या. आवाज असा काही खास नव्हता. जरा जाडसर, शेवटचा शब्द तोडून टाकणारा. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय लागून तो तसा झाला होता. त्यांचे यजमान वेताच्या खुर्च्या विणायचे. तिशीतच त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती.

"दुसरं कोणी असतं तर लिहून दाखवलं असतं," ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. "खुणा केल्या असत्या. यांच्यापुढे काय करू? यांना मी म्हणजे माझा आवाजच."

"यंत्रात एक तयार आवाजही असतो," थांबासाहेबांनी नियमाप्रमाणे सांगितलं आणि तो ऐकवला.

ताईंनी नाक मुरडलं. "ही तर लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' म्हणते तीच! नको बाई. हिला घरात घेतली तर हे दुसऱ्याच दिवशी मला विचारतील, कोण पाहुणी आली आहे म्हणून."

सहा दिवस त्या येत राहिल्या. रोज शंभर वाक्यं, मांजर खिडकीत बसलं आहे, पोस्टमन दारात उभा आहे, असली. गळा दुखायचा, मध्येच पाणीही गिळवत नसे, पण एकही वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं नाही. सहाव्या दिवशी मात्र त्या दोनदा अडखळल्या. "साहेब, तो तुमचा निळा दिवा काचेत दिसतो. सारखा डोळे मिचकावतो माझ्याकडे बघून. ओळ चुकते माझी."

थांबासाहेबांनी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा तोडला आणि डबीवरच्या दिव्यावर लावला. अंगठ्याने नीट दाबूनही बसवला.

सहाशे वाक्यं पुरी झाली. रुग्णाचा आवाज नोंदणीच्या कॉम्प्युटरवर ठेवायचा नाही, असाही एक नियम होता. म्हणून थांबासाहेबांनी सगळी वाक्यं तिथून डबीतल्या डिस्कवर हलवली. हलवलेलं मागे राहू नये, पुन्हा कोणाला उकरून काढता येऊ नये, म्हणून मूळ जागा घासूनपुसून टाकणारी सोय त्या कॉम्प्युटरमध्ये होती. ती तर विजेच्या वेगाने काम करायची. स्क्रीनवर आलं, 'सहाशे फाइल्स हलवल्या.' त्यांनी बंद करायचा हुकूम दिला. चार वाजले होते. पाठ दुखत होती, डोळ्यांची आग होत होती आणि चार दहाची बस समोरून जाणार होती. ती चुकली की पाऊण तास. रोज ते दिवा विझेपर्यंत उभे राहत, दोन मिनिटं, तीन मिनिटं, अशी सव्वीस वर्षं. त्या दिवशी, फक्त त्या एका दिवशी, त्यांना उभं राहायचा कंटाळा आला. ते पिशवी उचलून निघाले. दिव्यावर पट्टी लावली आहे हे दारात भेटलेल्या मावशींना सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी आठला त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला, डिस्क उघडली आणि यादी बघितली. सहाशे नावं ओळीने होती. पहिली दोनशे अडतीस ठीक होती. दोनशे एकोणचाळिसाव्या वाक्यापुढे आकाराच्या रकान्यात शून्य होतं. त्याखाली शून्य. त्याच्याही खाली शून्य. यंत्राने नावं तेवढी लिहून घेतली होती, आवाज लिहायचा राहून गेला होता. थांबासाहेबांनी यादी शेवटपर्यंत खाली सरकवली. त्यांनी एक फाइल वाजवून बघितली, मग दुसरी, मग शेवटची. काहीच वाजेना. ताईंचं ऑपरेशन दुपारी बाराला होतं.

ते तडक बंदमावशींना शोधत गेले. त्या जिन्याखाली बादली पिळत होत्या.

"मावशी, काल बटण कधी बंद केलंत?"

"तुम्ही गेलात, लगेच."

"लगेच? मी काय सांगितलंय तुम्हाला? सहा वर्षं काय सांगतोय मी?"

"दिवा बघून बंद केलं, साहेब," मावशी म्हणाल्या. "दिवा नव्हता."

थांबासाहेब आणखी काहीतरी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. मग त्यांना आपला अंगठा आठवला आणि ते जिन्याच्या पायरीवर बसले. दुसऱ्याच्या माथी खापर फोडायची इतकी आयती संधी आणि ती अशी हातातून जावी! पण खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. मावशींना रागवायचं तर आणखी उभं राहावं लागलं असतं.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"माझ्याकडून एका बाईंचा आवाज गेला," ते म्हणाले. "तुमची चूक नाही."

आवाज बनवणाऱ्या ऑफिसात त्यांनी फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, दोनशे अडतिसांत काही होणार नाही, निदान साडेतीनशे तरी लागतील. यादीतलीच हवीत का? नाही, कुठलीही चालतील, फक्त प्रत्येक वाक्य शब्दन् शब्द लिहून पाठवा. म्हणजे एकशे बारा हवी होती आणि हातात साडेतीन तास होते.

तिसऱ्या मजल्यावर ताई खाटेवर बसल्या होत्या. अंगात इस्पितळाचा झगा होता, आणि त्याची उसवलेली बाही त्या बोटाने चाचपत होत्या. यजमान शेजारच्या खुर्चीत होते. वाटेत थांबासाहेबांनी दोन-तीन थापा रचल्या होत्या. तांत्रिक अडचण, विजेचा बिघाड वगैरे. ताईंच्या तोंडाकडे बघितल्यावर त्यातली एकही जिभेवर येईना.

"ताई, तुमची निम्म्याहून जास्त वाक्यं गेली," ते म्हणाले. "मी दिव्यावर पट्टी लावली आणि मावशींना सांगितलं नाही. डिस्कवर उतरायच्या आत वीज बंद झाली. चूक सर्वस्वी माझी आहे."

ताईंनी उसवलेली बाही सोडली. मग जे सुरू झाल्या ते विचारू नका.

"सहा दिवस! सहा दिवस मी ते मांजर खिडकीत बसवलं! तो पोस्टमन दारात आणून उभा केला! आजोबांच्या काठीला पिवळा रंग दिला, सात बदकं मोजली, सगळा मूर्खपणा केला, गळ्याला सुया टोचत होत्या तरी केला! आणि तुम्हाला दोन मिनिटं थांबवेना? सगळ्या जगाला थांबा सांगता ना तुम्ही? मी शिवलेल्या झग्याची गाठ मारायची विसरले असते आणि गिऱ्हाईक भर रस्त्यात उघडं पडलं असतं, तर चाललं असतं का हो?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. थांबासाहेब मान खाली घालून उभे होते. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती. आणि तरी मनात एक चोरटा विचार होता, की आत्ता, या क्षणी नोंद चालू असायला हवी होती. बाईंनी एका दमात किमान दहा वाक्यं फुकट घालवली होती.

"अगं, पुरे," यजमान म्हणाले. "त्यांच्यासाठी नाही, गळ्यासाठी म्हणतोय. अजून काही करता येतं का ते विचार त्यांना."

थांबासाहेब वॉर्डच्या डॉक्टरीणबाईंकडे ताईंना पुन्हा नोंदीला न्यायची परवानगी मागायला गेले तेव्हा बाईंनी एकदा केसपेपर चाळला आणि डोळे चोळले. त्याही रात्रपाळी करून आलेल्या दिसत होत्या. "दुपारी जे काढूनच टाकायचं आहे ते सकाळी थकलं तर काय बिघडणार आहे?" त्या म्हणाल्या. "अकराला परत आणा. फक्त पाणी द्यायचं नाही आता." त्यात निर्दयपणा नव्हता. दमलेल्या माणसाचा नुसता हिशोब होता.

केबिनमध्ये ताईंनी यादी हातात घेतली. चौदा वाक्यं कशीबशी झाली. पंधराव्याला आवाज फाटला. कोरड्या घशाने पोस्टमन दारापर्यंत येईना. ताईंनी कागद बाजूला ठेवला आणि डोळे पुसले.

"नाही होत," त्या कुजबुजल्या. "यांना सांगा तुम्हीच."

थांबासाहेब बाहेर गेले आणि बाकावर बसलेल्या यजमानांचा हात धरून त्यांना आत घेऊन आले. केबिन एका माणसाची. दोन खुर्च्यांनी ती पार भरून गेली.

"यादी राहू दे," ते म्हणाले. "यांच्याशी बोला. रोज घरात जे बोलता ते बोला. मी बाहेर बसून लिहून घेतो."

"असं ठरवून काय बोलायचं?" ताई म्हणाल्या.

"चार दिवस मी घरी एकटा आहे," यजमान म्हणाले. "काळजी करू नकोस. मला सगळं माहीत आहे."

झालं! एवढं पुरलं.

"काय माहीत आहे हो? किल्ली कुठे ठेवली आहे?"

"खिशात."

"कुठल्या खिशात? उजव्या. उजव्या म्हणजे तुमच्या, समोरच्या माणसाच्या नव्हे. माहीत असतं तर परवा दारात तासभर उभे राहिला नसतात. आणि माझी मोठी कात्री वेताला लावायची नाही. लावलीत तर मला कळतं. मी काही बोलत नाही म्हणून तुम्हाला वाटतं मला कळत नाही."

"तू कधी काही बोलत नाहीस?"

"नाही बोलत! पुष्कळ गिळते मी."

थांबासाहेब काचेबाहेर वहीत लिहीत होते. हात भरून आला, अक्षर वाकडंतिकडं झालं, पण थांबायची सोय नव्हती. त्यांचं स्वतःचं घर तसं शांत होतं. बायको मुलीकडे गेली की पंधरा पंधरा दिवस कोणी त्यांना किल्लीबद्दल विचारत नसे. आज ती शांतता त्यांना आवडेनाशी झाली. केबिनमध्ये शेजारणीचा विषय निघाला, मग गळक्या नळाचा, मग कोणाच्या तरी लग्नात वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या छत्रीचा. आवाज मध्येच बसायचा. यजमान गप्प राहून वाट बघायचे आणि मग मुद्दाम एखादी चुकीची गोष्ट बोलायचे. छत्री निळी होती म्हणाले. ती काळीच होती हे त्यांना पक्कं माहीत असणार. ताई पुन्हा उसळायच्या. थांबासाहेबांना हे तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

वहीत एकशे पंधरा आकडा झाला तेव्हा ताईंनी यजमानांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी शुद्धीवर येईन तेव्हा गप्प असेन. रागावले आहे असं समजू नका."

यजमानांनी मान हलवली. या वेळी त्यांना काही चुकीचं बोलायला सुचलं नाही. थांबासाहेबांनी त्या दोन वाक्यांना एकशे सोळा आणि एकशे सतरा असे आकडे घातले.

अकरा वाजून गेले होते. वॉर्डबॉय चाकांची खुर्ची घेऊन दारात आला आणि घड्याळ दाखवू लागला. थांबासाहेबांनी डबीवरची पट्टी नखाने खरवडून काढली. हलवायच्या भानगडीत न पडता नव्या वाक्यांची त्यांनी डिस्कवर नुसती नक्कल उतरवली, मूळ कॉम्प्युटरवर तशीच ठेवली, मेमरीतलं सगळं आत्ताच्या आत्ता डिस्कवर घाल असा स्वतंत्र हुकूम दिला आणि मग बंद करायचा. स्क्रीन काळी झाली. निळा दिवा लुकलुकत होता.

"चला," वॉर्डबॉय म्हणाला.

ताईंनी नुसता हात वर केला. त्याने खुर्चीवरचा हात काढला. चौघंही त्या एवढ्याशा दिव्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली, यजमानसुद्धा. मिनिट गेलं. दुसरं गेलं. दिवा विझला. थांबासाहेबांनी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, शेवटची फाइल वाजवली. रागावले आहे असं समजू नका, खोलीत ऐकू आलं.

"उतरलं," ते म्हणाले.

ताई खुर्चीत बसल्या आणि वॉर्डबॉय त्यांना घेऊन गेला.

सहा आठवड्यांनी आवाज तयार होऊन आला. यंत्र पोहोचवायचं काम खरं तर दुसऱ्या खात्याचं, पण थांबासाहेब स्वतः निघाले. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेल्या बिनबैठकीच्या चार खुर्च्या. ताई वाळल्या होत्या. गळ्याला पातळ सुती रुमाल होता. त्यांनी हसून टेबल दाखवलं आणि थांबासाहेबांनी यंत्र त्यावर ठेवलं. यजमान खिडकीशी बसून वेत ओढत होते. ताई टेबलापाशी उभ्या राहून एकेक अक्षर शोधत राहिल्या.

"पाणी आणू का?" यंत्र म्हणालं.

आवाज त्यांचाच होता. पण सुरुवातीच्या दिवसांची शांत वाक्यं आणि त्या सकाळची भांडणाची वाक्यं एकत्र शिजली होती. साधं पाणी विचारलं तरी खडसावल्यासारखं वाटत होतं, आणि शेवटचा शब्द अगदी तोडून टाकलेला. यजमानांच्या हातातला वेत सुटला.

थांबासाहेब ओशाळले. "तो राग थोडा कमी करता येईल," ते घाईने म्हणाले. "मी परत पाठवतो. महिनाभर लागेल."

"हात लावू नका त्याला," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा भिजला होता आणि ते हसत होते. "ही तीच. पुन्हा बोल ना."

ताईंनी पुन्हा अक्षरं दाबली. यंत्राने काहीतरी वेताबद्दल सुनावलं. यजमान उत्तर देऊ लागले. वेत ओला आहे, अजून दोन दिवस लागतील, गिऱ्हाईक कालच येऊन गेलं. किती दिवसांचं साठलेलं ते सांगत होते, पण सांगत होते टेबलाला. आवाज टेबलावरून आला होता, त्यांचं तोंड तिकडे होतं. ताई आता दोन पावलं पलीकडे, मशीनपाशी जाऊन उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे बघत होत्या. यजमानांना ते माहीत नव्हतं. थांबासाहेबांना मात्र दोघंही दिसत होती.

ताईंनी खणातून जाड कापडाची पट्टी काढली, यंत्राची रुंदी वितीने मोजली आणि मशीनवर बसल्या. पाच-सात मिनिटं खोलीत नुसता मशीनचा आवाज होता. पट्टा तयार झाला तसा ताईंनी दोरा दातांनी तोडला, यंत्र पट्ट्यात अडकवलं आणि पट्टा मानेत घातला. यंत्र छातीवर, रुमालाच्या जरा खाली आलं. मग त्या यजमानांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मान वाकवून अक्षरं शोधू लागल्या.

"इकडे बघा," यंत्र म्हणालं.

यजमानांनी तोंड वळवलं, थोडं वर उचललं आणि बरोबर ताईंकडे केलं.